भाऊजींची खूण, दाईच्या हातात

चमत्कार, साक्षात्कार, अंगात येणं... असल्या गोष्टींवर मी आयुष्यभर फिदीफिदी हसत आलो. आजही चमत्काराची पोस्ट दिसली की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय. पण लिहितो.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे बिल्डिंगा, साऱ्यांना सळया हव्या, आणि उरला इंडस्ट्रियल एरियातली आमची रोलिंग मिल दम न घेता चालू. मी तिथे क्रेन ऑपरेटर, वर केबिनमध्ये. खालून इशारे द्यायला माझे भाऊजी, ताईचे मिस्टर. त्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांचा. माल जमिनीवर टेकला की भाऊजी एक खूण करायचे, ती कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नव्हती. हेल्मेटवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, मग माशी हाकलावी तसा उलटा हात. म्हणजे — उतरला, सोड आता. आम्हा दोघांतलीच.

एके दिवशी क्रेनचा वायर रोप तुटला आणि सळयांचा बंडल भाऊजींवर आला. जागीच गेले. त्या रोपची तक्रार आम्ही तीनदा केली होती! मॅनेजरनं माझ्यापुढे कागद सरकवला — 'लापरवाही से लोड के नीचे खड़ा था.' आणि मी, चहाच्या टपरीवर मालकांना रोज उभा-आडवा सोलणारा वाघ, नोकरीच्या भीतीनं मुकाट सही केली.

ताईला सांगितलं नाही. उजवा हात मात्र थरथरायला लागला, तो खिशात लपवून फिरायचो. सगळ्यांवर खेकसायचो. तेरवीला तर भात कच्चा म्हणून आचाऱ्याच्या अंगावर धावून गेलो. भात चांगला होता.

चारेक महिन्यांनी ताई शेजारणीसोबत दर रविवारी बीरगांवला प्रार्थनेला जायला लागली. जेवायला लागली, झोपायला लागली. तिची ती शांती पाहून माझ्या अंगाची आग व्हायची.

"तुले काय भेटून राहिलं तिथं?"

"रडू देतात," ताई म्हणाली. "तुम्ही सारे म्हणता रडू नको, पोरीकडे पाह्य. येशूपाशी मी रडते. त्याच्यावर चिडतेही. तो उठून जात नाही."

मग ठरवलं, जाऊन तमाशाच करायचा. रविवारी सकाळी दहाला, नाइट शिफ्टवरून थेट, डोक्यावर हेल्मेट तसंच. टिनाच्या छपराची खोली, खाली चटया, तीसेक माणसं. मी दारात भाषण जुळवतोय तोवर एकानं माझा दंड धरला. "आओ भैया, आप ही का इंतजार था."

झालं असं, की त्या दिवशी कुणाचा तरी दारुडा नवरा यायचा होता. माझे जागरणाचे लाल डोळे आणि झोपेचा झोक पाहून त्यांनी तो मीच ठरवला! मला मधोमध बसवलं आणि माझी दारू सुटावी म्हणून सगळे प्रार्थना करायला लागले.

"मैं पीता ही नहीं!"

"हव भैया, सब्बो झन अइसनेच कहिथें." म्हणजे, सगळे असंच म्हणतात!

समोर ताई तोंडाला पदर लावून हसत होती. माझा पारा चढला. "रोप तुटला तेव्हा कुठं होता तुमचा देव?" असं ओरडत उठलो, तर शेजारच्या म्हातारीनं बाही ओढून मला खाली बसवलं. सगळे तिला दाई म्हणत, तिकडे दाई म्हणजे आई. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. जन्मभर भाजी विकलेली, मिलचं फाटकही न ओलांडलेली बाई.

तिनं माझ्या हेल्मेटवर पेरानं टकटक केलं. दोनदा. मग उलटा हात हलवला.

"छोड़ दे बेटा. उतर गे हे."

लाइट जाऊन मिल बंद पडावी आणि इतका वेळ केवढा गोंगाट होता ते तेव्हाच कळावं — तसं झालं. खिशातला हात थांबला होता.

मग मी सगळं ओकलो. कागद, सही, सगळं. ताईचं हसू थांबलं.

"ऊठ. माझ्यासमोरून जाय."

बाहेर बोरिंगपाशी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ती आली. "उद्या ऑफिसात जाऊन खरं लिहून दे. माफ करणं येशू शिकवून राहिला मले, पण मी अजून कच्ची आहे."

लिहून दिलं. मॅनेजर म्हणाला, "पागल हो गया क्या?" आठवड्यात नोकरी गेली. भाऊजींच्या नावापुढची ती 'लापरवाही' खोडायला कोर्टात वर्षं गेली. त्याचा राग मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही.

ताईला ती खूण ठाऊकच नव्हती. भाऊजी घरी कधी करत नसत. दाईला विचारलं तर म्हणे, "मैं का जानँव, मोर हाथ उठिस." हात आपसूक उठला, एवढंच. योगायोग म्हणून पाहिलं, झोपेची तार म्हणून पाहिलं, काही बसत नाही. हात मात्र तेव्हापासून थरथरलेला नाही. दर रविवारी मागे बसतो आणि येशूशी मनातल्या मनात भांडतो. घरी येतो तेव्हा मोकळा असतो. का, ते माहीत नाही.

परवा ताई म्हणाली, "मी तुले माफ केलं का, हे कधी विचारत काहून नाहीस रे?"

"भीती वाटते."

"मलेही," ताई म्हणाली.