रायफलीच्या दस्त्यावरची खूण

मंडळी, आज माझ्या हातून वाईट झालं.

इथे दुबईजवळ, उम्म अल कुवैनमधल्या आमच्या म्हाताऱ्या घरमालकाकडे, म्हणजे अरबाबकडे, त्याच्या वडिलांची जुनी लष्करी रायफल आहे. चालत नाही, नुसती भिंतीवर असते. लाकूड काळं पडलेलं, म्हणून पॉलिशचं काम मी घेतलं. एक डोळा मोबाईलवरच्या व्हिडिओवर ठेवून पॉलिशपेपर घासत राहिलो. दस्ता काचेसारखा गुळगुळीत झाला.

अरबाबने अंगठा फिरवला. "वडिलांनी इथे चाकूने खूण कोरली होती. आम्ही उंटांवर डागायचो ती. कुठेय?"

मला ते ओरखडे वाटले होते. म्हटलं, "अरबाब, परत कोरून देतो."

"कोरशील रे. हात त्यांचा कुठून आणशील?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. उद्या रायफल भिंतीवर लावायला मलाच बोलावलंय. तुम्ही गेला असतात का?