कमरपट्टीतला खिसा

समजा, तुम्हाला एका पँटला आतून खिसा शिवायचाय, पण तो तिथं आहे हे कुणालाही कळता कामा नये. आधी कमरपट्टीची आतली शिवण चार बोटं उसवा. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या कापडाचा तुकडा घ्या. नवं कापड हाताला लागतं. दोरा पँटच्याच रंगाचा. टाका इतका बारीक, की बोट फिरवलं तरी अडखळू नये. मग पँट झटका, चुरगळा, उजेडात धरा. काहीच दिसलं नाही, तर जमलं.

मावशीला हे एकतीस वर्षं जमत होतं. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलांच्या गल्लीत, एका जिन्याखाली तिचं मशीन होतं. शहर बघायला आलेल्यांना हॉटेलवालेच तिच्याकडे धाडायचे. शेजारी एक चावीवाला बसायचा. तो चिडवायचा, "मावशी, तुमचा खिसा तुम्हाला तरी परत सापडतो का?"

"नाही सापडत," मावशी ऐटीत म्हणायची.

एका सकाळी एक निवृत्त मास्तर मुलीला घेऊन आले.

"मावशी, बाबांना चोरखिसा हवाय," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या शहरात आलोत. यांच्या खिशातून कुणी हत्ती काढून नेला तरी यांना पत्ता लागायचा नाही."

"वर्गातल्या पोरांनी एकदा माझा चष्मा नेला होता," मास्तर म्हणाले. "नाकावर असताना."

मुलगी हसत हसत चावीवाल्याकडे बॅगेचं कुलूप घ्यायला गेली. तेवढ्यात मास्तरांनी एका कागदावर वळणदार अक्षरात आपलं नाव, हॉटेल, खोली आणि मुलीचा नंबर लिहिला. खाली औषधांची नावं. कागदाची बारीक घडी केली. मावशीनं ती दोन नोटांबरोबर आत सरकवली, शिवण बंद केली आणि नेहमीची सूचना दिली.

"बाकीचे खिसे रिकामे ठेवायचे. रस्त्यात इथं हात न्यायचा नाही, हात गेला की चोराला जागा कळते. आणि कुणी कितीही गोड बोललं तरी सांगायचं नाही."

"पाठ झालं," मास्तर शहाण्या पोरासारखे म्हणाले. "मुलीला सांगू का, कुठंय ते?"

"तिलाही नको!" मावशी म्हणाली. दोघंही हसले.

चौथ्या दिवशी मुलगी एकटीच आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. तिनं पँट बाहेर काढली. दोन्ही पाय कात्रीनं वरपासून खालपर्यंत कापलेले.

"मावशी, तो खिसा कुठंय? कालपासून शोधतेय. मला सापडत नाहीये."

मुलगीच सांगत राहिली. त्याच दुपारी ती अंघोळीला गेली असताना बाबा चहा घ्यायला खाली उतरले होते. फोन हिसकावतात म्हणून तो खोलीतच ठेवलेला. चौकात कोसळले. लोकांनी उचलून इस्पितळात नेलं. मुलगी पोलीस ठाणी, इस्पितळं पालथी घालत होती, आणि इकडे एका खाटेवर 'अनोळखी पुरुष, वय सुमारे सत्तर' अशी पाटी लागली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. ती तिथं पोचली तिसऱ्या दिवशी सकाळी.

"पँट कुणी तपासली नाही?" मावशीनं पँट उलटी करत विचारलं.

"तपासली. दोनदा. खिसे रिकामे होते."

मावशीनं ब्लेड घेतलं. स्वतःचा टाका शोधायला तिलाही वेळ लागला. शिवण उसवली, घडी बाहेर आली. मुलीनं कागद उलगडला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं.

"नंबर बरोबर लिहिलाय," ती म्हणाली. "एरवी त्यांच्या कधी लक्षात राहायचा नाही."

चावीवाल्याची कानस थांबली होती.

"नर्स सांगत होती," मुलगी म्हणाली, "पहिल्या दिवशी शुद्धीवर होते. वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी. नाव विचारलं की डावा हात कमरेकडे न्यायचे. सारखा. तिला वाटलं, पोटात दुखतंय. पँट तेव्हा खाटेखाली, पिशवीत." तिनं कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला. "तुमचं काम फार सफाईदार आहे, मावशी."

त्यात टोमणा नव्हता. असता, तर मावशीला जरा बरं वाटलं असतं.

पँट तिथंच ठेवून मुलगी गेली.

मावशी अजूनही चोरखिसे शिवते. पण आता शर्टाच्या वरच्या खिशात, उघड दिसेल असा, नाव-नंबराचा कागद ठेवल्याशिवाय गिऱ्हाइकाला उठू देत नाही. "अहो, असं कुणी लावतं का?" म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. ती ऐकत नाही. चावीवाला चिडवत नाही.

दोनदा ती त्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. नर्सला तिला एकच गोष्ट विचारायचीय. कमरेकडे हात न्यायचा नाही, हे तिनंच सांगितलं होतं. तरी तो गेला, पुन्हा पुन्हा गेला. मग तो कसा जात होता? बोटं उघडी असायची, इथं बघा म्हणून दाखवणारी, की तळवा घट्ट दाबलेला असायचा, मावशीनं सांगितलं म्हणून शेवटपर्यंत झाकून धरणारा?