बारा मोठी का बावीस

गुंडानं काळविटाच्या मानेवरचे केस बाजूला सारले, ज्वारीच्या चिपाडाची एक बारीक काडी घेतली आन् भोकात घालून बघितली. काडी जेमतेम आत गेली.

"बघा," तो म्हणाला. "ह्यात माजी करंगळीबी जात न्हाय."

भोवती पंधरा-वीस माणूस गोळा झालेलं. भोकाकडं कोणीच बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे गुंडाच्या खांद्यावरच्या बंदुकीवर. बांधावर त्याची बायको निंगव्वा हातात विळा घेऊन उभी होती, तिला ते बरोबर दिसलं.

काळवीट मरून पडलं होतं ते गुंडाच्याच हरभऱ्यात. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झालेली, आन् हरीण मारलं की तुरुंग असा नवा कायदा आलेला. दुधनीकडनं फॉरेस्टचा गार्ड सायकल मारत आला होता आन् मांडीवर कागद घेऊन बसला होता. कागदावर गुंडाचं नाव चढलं की बंदूक जाणार, परवाना जाणार आन् माणूसबी जाणार.

बंदूक त्याच्या बापाची. एका नळीची, बारा बोअरची, पीक राखायच्या परवान्यावरची. शिवारातली सगळी रानं गुंडाच राखायचा. रोज झुंजुमुंजू झालं की दोन बार ऐकू यायचे आन् हरणांचा कळप हद्दीपार कर्नाटकात पळायचा. माणसं अंथरुणात कूस बदलून म्हणायची, गुंडा आला रानात. बोलायला फटकळ होता, कुणाला गोड लागायचा नाही, पण त्याच्या राखणीत कुणाच्या ज्वारीचं एक ताट हरणानं खाल्लं नाही. आन् आता तीच माणसं त्याला चोर ठरवायला आली होती. निंगव्वाच्या तोंडात शिव्या गोळा झालेल्या.

"तुजी बारा नंबरची न्हवं?" आप्पा म्हणाला. आप्पा गावचा पुढारी. त्याच्या शब्दावर गाव उठायचं-बसायचं.

"व्हय."

"आन् मानसिंगरावाची बावीस. भोक ल्हान, म्हंजी नंबर ल्हान. साळंत गेला न्हाईस का रं?"

माणसं हसली.

सगळी गोम इथंच होती. मानसिंगराव म्हणजे सोलापूरचा, आप्पाचा पाहुणा. सात रस्त्याजवळ त्याचं मोटारीच्या सामानाचं दुकान. ऐतवारी जीप घेऊन यायचा, जीपमधी कॅनव्हासच्या गवसणीत बासरीगत बारीक रायफल. पहिल्यांदा आला तवाच त्यानं पारावर बसून गुंडाला डिवचलं होतं, "तुझी बारा, माझी बावीस. दहानं मोठी." त्यानं गंमत केली, पण गावानं गाठ मारून ठेवली. बंदुकीचे नंबर असे चढत जात नसतात. बाराच्या नळीत अंगठा जातो, बावीसची गोळी तुरीच्या दाण्याएवढी. पण हे पारावरच्या कुणाला ठाऊक?

गुंडाला ठाऊक होतं. त्यानं तवाच सांगितलं होतं, "मानसिंगराव, ही सशापाखराची रायफल. आवाज कमी म्हणून ग्वाड वाटती. पर काळविटाला लावू नगा. गोळी आत बसती, जनावर पडत न्हाय. पळतंय, आन् कोसभर लांब जाऊन दिसभर मरतंय."

"आता तू शिकवणार मला?"

"मी कुटला. मरणारं जनावर शिकीवतंय."

मानसिंग नुसता हसला होता.

"काल जीप आलती की," निंगव्वा बांधावरनं बोलली. "धुरळा म्या बगितला."

"सुम्न कूडु," आप्पा कानडीत खेकसला. गप बस म्हणाला. "जीप आली म्हंजी गोळी घातली व्हय? कुणी बार ऐकला?"

बार कुणीच ऐकला नव्हता. बावीसची रायफल मैलभरावरनं कोण ऐकणार? पण पहाटेचे गुंडाचे दोन बार रोजच्यागत सगळ्या गावानं ऐकले होते.

गार्डानं पेन्सिल कानाला अडकवली. "गुंडा, एक काम कर. तो पत्र्याचा डबा ठेव बांधावर आन् एक बार काढ. तुज्या गोळीचं भोक केवढं, ते दिसंलच की. मिटलं."

निंगव्वाला हायसं वाटलं. एवढं सोपं होतं तर. ती पायाशी पडलेला डबा उचलायला वाकलीसुद्धा.

"मी बार काढणार न्हाय," गुंडा म्हणाला.

"का?"

"न्हाय काढणार."

निंगव्वा वाकली होती तशीच राहिली. माणसांत कुजबूज सुरू झाली. कोणीतरी मागनं म्हणालं, "पाप वरडतंय बगा."

गार्डानं बंदूक ओढून घेतली आन् नळीला नाक लावलं. "रोज दोन बार काढतोस म्हणं. मग दारूचा वास कसा न्हाय?"

"पुसून ठिवली असंल," आप्पा म्हणाला. "चोराला लई अक्कल असती."

आता निंगव्वालाच शंका आली. गेली कित्येक वर्षं हा माणूस बंदुकीला तिला हात लावू देत नव्हता. दर महिन्याला काम नसताना सोलापूरला जायचा आन् गाठोडं सरळ रानातल्या खोपीत टाकायचा. एकदा त्याच्या कोपरीच्या खिशात तिला सुतळीचे जळके तुकडे सापडले होते. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, विडी पेटवली. सुतळीनं विडी कोण पेटवतं? ह्याचं आन् मानसिंगचं आतनं काही होतं का? हरणं कुठं बसतात ते हाच दाखवत होता का? असलं मनात आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली, पण आलं ते आलं.

"इळा दे," गुंडा तिला म्हणाला.

तिनं त्याच्या डोळ्यात बघितलं आन् विळा दिला.

त्यानं मान चिरली. कातडं, मग मांस, मग हाडाजवळ बोटं घालून चाचपत राहिला. हात कोपरापर्यंत लाल झाला तवा त्यानं चिमटीत शिशाचा तुकडा धरून वर काढला. तुरीच्या दाण्याएवढा, एका अंगानं चेपलेला. मग खिशातनं आपलं काडतूस काढलं, अंगठ्याएवढं जाड. दोन्ही गार्डाच्या कागदावर ठेवलं.

"टाका हे शिसं माज्या नळीत."

गार्डानं टाकलं. खडा हंड्यात पडावा तसं ते खळखळत तळाला गेलं. नळी उलटी केली तसं खळखळत परत बाहेर आलं.

माणसांनी आप्पाकडं बघितलं.

"छर्रा असंल," आप्पा म्हणाला.

"छऱ्याची भोकं धा-वीस पडत्यात, आप्पा. ह्याला एकच हाय. पायजे तर उलटंपालटं करून मोजा."

मोजायला कोणी पुढं आलं नाही. गार्डानं कागदावर 'अज्ञात इसम' लिहिलं. मानसिंगचं नाव लिहायची त्याचीबी छाती झाली नाही. पण जीप पुन्हा कधी आली नाही आन् बंदूक गुंडाच्या खांद्यावरच राहिली.

गावाच्या मनातला काटा मात्र निघाला नाही. चोर नव्हता तर बार का काढला नाही? निंगव्वानंबी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "बार म्हंजी काय खेळ हाय व्हय?" आन् ताटावरनं उठला. मग तिनं विचारायचं सोडलं. काटा तिच्यातबी राहिला.

एकोणऐंशी साली गुंडा वारला. बंदूक सरकारात जमा करायची, तर आधी ठीक आहे का बघून घ्यावी म्हणून निंगव्वा सोलापूरला बंदुका दुरुस्त करणाऱ्या कल्लप्पा मिस्त्रीकडं गेली. कल्लप्पानं बंदूक उघडलीसुद्धा नाही. आत जाऊन चुन्याची एक जुनी डबी आणली आन् तिच्यातनं बोटभर लांबीचा लोखंडी खिळा काढून तिच्या हातावर ठेवला.

"काडतुसाला टोचणारी पिन ही. ही नसली की बंदूक म्हंजी काठी. सदुसष्ट साली गुंडानंच काढून घ्यायला लावली. गाभण हरणी मारली म्हणाला, हिच्यानं. गावाला कळलं तर राखण जाईल, कुणाला सांगू नगं म्हणाला."

"आन् मग रोजचं दोन बार?"

"सुतळी बॉम्ब, यव्वा. दर म्हैन्याला सोलापुरातनंच न्यायचा."