मिथ्रासची पंगत

आंधळगावच्या शाळेत हजेरी घेत होतो, तेव्हा रामटेके गुरुजी गेल्याचा निरोप आला. हजेरीपट मिटला. पुढची नावं कोणी घेतली, आठवत नाही... त्याला आता महिना होत आला. आज लिहायला बसलो, कारण त्यांच्याशी मी एक खोटं बोललो होतो आणि ते कबूल करायचं राहून गेलं.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं बपेऱ्याच्या शाळेत सोबत होतो. गुरुजी इतिहास शिकवायचे. पुस्तकात रोम पानभर, पण गुरुजी त्यावर आठवडा घालवायचे, तेही मिथ्रास नावाच्या एका देवापायी. बैलाला मारणारा हा देव रोमन शिपायांचा मोठा लाडका. एकदा पोळ्याच्या तोंडावर त्यांनी हे सांगितलं आणि पोरं रुसली. बैलाचा जीव घेणाऱ्या देवाचं नाव कोणी वहीत लिहीना. गुरुजींनी हसत फळा पुसून टाकला.

त्यांना बैलापेक्षा त्या देवाच्या पंगतीचं कौतुक होतं. "गुहेसारकं देऊळ, दोन्ही बाजूनं लांब ओटे. गुलाम आन् अंमलदार येकाच ओट्यावर जेवत. शिपायाची बदली झाली का देवई संगं जाये. असा पार इंग्लंडपावतर गेला, भोयर गुरुजी!"

"आन् बाया?" मी चिडवलं.

"बायायले मज्जाव," ते ओशाळले. "तेवढं त्यायचं चुकलंच."

मग त्यांनी शाळेच्या सामानाच्या खोलीत दोन बाकडी समोरासमोर लावली. दुपारी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांचे डबे मधोमध उघडायचे, आणि शाळेतल्या बाईंना पहिली जागा. मी तेवढा वर्गात एकटा जेवायचो. गुरुजी बौद्ध, आमचं घर कुणब्याचं, आणि आईनं बजावलं होतं की डबा कोणाच्या डब्याला लावायचा नाही. पोट दुखतं, पथ्य आहे, असं सांगून मी मोकळा झालो. दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी भाजलेल्या ओव्याची पुडी आणली. मग दर सोमवारी आणत राहिले, त्यांची अड्याळला बदली होईपर्यंत. "कसं वाटून राहिलं पोटाले?" असं विचारायचे. त्यांना कळलं नसेल? कळलंच असेल... मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी मी पुडी घ्यायचो.

परवा अड्याळला गुरुजींच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. परतताना गुरुजींच्या शाळेत डोकावलो. मधली सुट्टी होती. सामानाच्या खोलीत दोन बाकडी समोरासमोर, मधे उघडे डबे, आणि मी कधी न पाहिलेले पाचसहा शिक्षक जेवत होते. एक तरुण बाई सरकल्या.

"या न गुरुजी, बसा."

"मी डबा नाही आणला."

"येथी कोणी आपलाच डबा खात नाही जी," त्या म्हणाल्या आणि झाकणात भात-भाजी वाढून माझ्यापुढे ठेवली.

भाजी कोणाच्या घरची होती, ते मी विचारलं नाही. पुन्हा मागून मात्र घेतली.