वायव्येचं स्टूल

माझे काका मोजणीदार. छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि त्या नोकरीत डावं-उजवं हे शब्द कायमचे विसरून बसले. त्यांचं म्हणणं, "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं. दिशा जागची हलत नाही." न्हाव्याने भांग कुठे पाडू विचारलं तर सांगायचे, "पश्चिमेकडे." न्हाव्याने खुर्ची फिरवली की पश्चिम दुसऱ्या कानावर जायची, आणि काका घरी येऊन त्या बिचाऱ्यालाच अडाणी म्हणायचे.

काकू वैतागायची.

"अहो, मीठ कुठे ठेवलंत?"

"वायव्येला."

"नीट सांगा, नाहीतर अळणी गिळा!"

उत्तर आणि पश्चिम यांच्या मधला कोपरा म्हणजे वायव्य, हे आम्हा मुलांना शाळेच्या आधी काकूच्या ओरडण्यातून कळलं.

मग साठीत काकूची नजर गेली. वर्षभरात पार अंधार. ती पलंगावरून उठेना. उठली तर दारावर आपटायची. "उजवीकडे वळ" म्हणावं, तर ती वळल्यावर आता उजवं कुठलं, हा घोळ. शेवटी काकांनी तिला घर दिशांनी शिकवलं. सकाळी गालाला ऊन लागतं ती पूर्व. नळ ठिबकतो ती दक्षिण. पलंगापासून वायव्येला सहा पावलं, तिथे स्टूल, स्टुलावर रेडिओ. दोन महिन्यांत काकू स्वतः चहा करून आमच्या हातात द्यायला लागली. नियम एकच: वस्तू हलवली की हलवणाऱ्याने मोठ्याने सांगायचं. "बादली ईशान्येला आहे गं!" अकरा वर्षं हे चाललं. आम्ही पाहुणेसुद्धा चपला काढून त्यांची दिशा सांगायचो. हसू यायचं, पण सांगायचो.

गेल्या वर्षी काकू गेली. काका त्या दोन खोल्यांत एकटे उरले. त्यांची मुलगी, माझी चुलतबहीण, लांबच्या शहरात असते. तिने मला फोन केला, "बाबांना घेऊन ये. तुझं ऐकतात ते." हे साफ खोटं, ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पण एकटं राहून माणूस वाळत चालला होता, म्हणून मी तावातावाने गेले. काका म्हणाले, "येतो." इतक्या सहज, की तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी ट्रंक जमिनीवर उघडली. स्टूल आड येत होतं, ते रेडिओसकट दाराकडे ढकललं. काका माझ्याकडे पाठ करून सदऱ्यांच्या घड्या घालत होते. स्टुलाचे पाय फरशीवर करकरले, तसे ते न वळताच मोठ्याने म्हणाले, "स्टूल नैर्ऋत्येला गेलंय गं. रेडिओपण. जपून ये."

काकूच्या पलंगावर चादर ताठ घातलेली होती. उशीला एकसुद्धा सुरकुती नव्हती.

काका खाली बसले. "ती नाही, हे कळतं मला," ते म्हणाले. "अक्कल गहाण नाही ठेवलेली. पण सांगितलं नाही तर दिवसभर चैन पडत नाही."

"तिकडेपण सांगा की, काका."

"कुणाला? तिथे सगळे डोळस."

माझा ताव कुठल्या कुठे पळाला आणि मला रडू फुटलं. आम्ही सगळे त्यांना एकटेपणातून सोडवायला निघालो होतो. त्यांच्याबरोबर या घरात अजून कुणीतरी राहत होतं, ते आमच्या गावीही नव्हतं. मी ट्रंक रिकामी केली. बहिणीला कळवलं की बाबा येत नाहीत, आणि तू चिडू नकोस, इकडे ये.

मग स्टूल उचलून जागेवर नेलं. रेडिओ ठेवला. घसा खाकरला. लाज वाटत होती, तरी मी म्हणाले, "काकू, स्टूल परत वायव्येला ठेवलंय."

काकांनी पलंगापासून सहा पावलं मोजली आणि थांबले.

"वीतभर पूर्वेला घे," ते म्हणाले. "गुडघा लागेल तिचा."

मी घेतलं.