तक्रारपेटी आणि लाल समास

बाळांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या थोरलीनं विचारलं, "आजी, वाडीतल्या बायका तक्रारपेटीत चिठ्ठ्या का टाकत नाहीत?" परदेशी मदतीच्या कामांत भ्रष्टाचार कसा रोखायचा, याचे नियम तिच्या ऑफिसात करताहेत म्हणे. उत्तर मला माहीत होतं आणि मी विषय बदलला. म्हणून आता लिहिते.

बारवी धरणाजवळच्या एका वाडीत परदेशी पैशातून नळयोजना आली. त्या धरणाचं पाणी आमच्या बदलापुरात स्वयंपाकघरापर्यंत येतं; वाडीतल्या बायका मात्र हंडे घेऊन झऱ्यावर जात. योजनेची अधिकारी माझी जुनी विद्यार्थिनी. अंबरनाथच्या शाळेत मी तिला इंग्रजी शिकवलं होतं. वाडीतल्या शाळेच्या भिंतीवर तिनं तक्रारपेटी बसवली आणि मला म्हणाली, "बाई, बायका सांगतील ते तुम्ही इंग्रजीत लिहून द्या. पैसे देणारे परदेशी पाहुणे पाहणीला येतील, त्यांना थेट वाचता येईल. नाव कुणालाच कळणार नाही."

एकच तक्रार आली. ठेकेदाराकडे चर खणणारी एक बाई माझ्यासमोर येऊन बसली.

"काकू, फलकावर लिवलंय म्हनत्यात, पाइप वाडीत पोचला. वळणाच्या पुढं पाइपच नाय. नुसती माती लोटली. आम्हीच लोटली."

मी सवयीनं डावीकडे लाल शाईचा समास आखला आणि सगळं सुवाच्य लिहिलं. ती उठू लागली, तशी मी तिला थांबवलं. योजनेच्या नियमात निनावी तक्रार चालत होती. मला चालत नव्हती. बिनसहीच्या कागदाला किंमत नसते, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलेलं.

"अंगठा नको ना, काकू."

"अगं, माझ्या विद्यार्थिनीच्या हातात जाणार आहे कागद," मी म्हटलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. अंगठ्याखाली तिचं नावही लिहिलं आणि कागद पेटीत टाकला; पेटीची किल्ली विद्यार्थिनीकडेच होती.

पंधरा दिवसांनी ती माझ्या दारात उभी. "ठेकेदारानं मोबाइलवर कागद दाखवला. मला वाचता येत नाय, पण तुमची तांबडी रेघ वळखली मी. म्हनला, उद्यापासनं येऊ नको, नवऱ्यालाबी आणू नको."

मी तिथंच विद्यार्थिनीला फोन लावला.

"बाई, ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं मागवावंच लागतं."

"कागदाचा फोटो पाठवून?"

"पाहुणे यायच्या आत प्रकरण मिटवायचं होतं हो. आणि अंगठा तुम्हीच घेतलात ना? मी कुठं मागितला होता?"

मी फोन ठेवला. 'तक्रारीचं निराकरण झालं' हे वाक्य तिनं अहवालात किती शुद्ध इंग्रजीत लिहिलं असेल, हेच डोक्यात येत राहिलं. ते इंग्रजी माझंच.

परदेशातल्या कार्यालयाला मी स्वतः पत्र पाठवलं. दोन ओळींत आभार आले, पुढे काही नाही.

थोरले, तुझ्या नियमांत एवढं घाल: पेटी कोण उघडणार, ते वाडीला ठरवू दे. आणि माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला अंगठा मागू देऊ नकोस.

विद्यार्थिनीचा फोन दिवाळीला येतो, मी उचलत नाही. ती बाई आता भाजी विकते. बाजाराच्या दिवशी येते, उंबऱ्याबाहेर बसते, आत ये म्हटलं तरी येत नाही. आमच्या नळाचं पाणी पिते आणि वाडीत काय चाललंय ते सांगते. पेटी भिंतीवर रिकामी आहे. पाइप वळणापर्यंतच आहे. ती मात्र अजून माझ्याशी बोलते.