विद्याताईंची हनुवटी

प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात सिस्टर असलं की किस्से शोधावे लागत नाहीत. ओढणीनं तोंड झाकून ते आपल्या पायांनीच जिना चढून येतात. कोल्हापुरात माणूस मूळव्याधीचं ऑपरेशन भर चौकात सांगेल, पण नाक-हनुवटीचं सख्ख्या भावाला सांगणार नाही. त्यामुळे सगळा साठा आमच्याकडे. त्यातले हे एकट्या विद्याताईंचे. ही त्यांची परवानगी: "नाव बदला, पण गाव गडमुडशिंगी तेवढं ऱ्हाऊ द्या."

•

पहिल्या दिवशी त्या आल्या आणि स्टुलावर बसायच्या आधीच म्हणाल्या, "हनवटी बसवायची हाय."

आमच्या डॉक्टर मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला, "लग्न ठरतंय का?"

"पोरगं दहावीला हाय माझं."

"मग मिस्टर काही बोलतात का?"

"त्यांची काय टाप हाय! डेरी मी चालवती. मॅडम, बाजूनं फोटो काढला की तोंड कुठं संपतंय आणि मान कुठं सुरू हुती, कळत न्हाई. शाळंपासून ऐकत आलीया. आता मला पायजे, म्हणून पायजे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. एवढं सरळ उत्तर आमच्याकडे क्वचितच मिळतं.

•

कशी हनुवटी हवी, याचा फोटो आणा म्हटलं की पोरी हिरॉइनचा आणतात. मग मॅडमचा अर्धा तास समजावण्यात जातो, की हाड तुमचं, चेहरा तुमचा, वर फक्त सिलिकॉनचा छोटा तुकडा बसणार.

विद्याताईंनी स्वतःचाच फोटो आणला. हनुवटीला कणकेचा गोळा चिकटवून बाजूनं काढलेला सेल्फी! "एवढीच. जास्त नको. चार दिवस कमी-जास्त करून बघितलंय."

गोळा कानाकडं सरकला होता, पण माप बरोबर होतं. मॅडमनी तो फोटो फाइलला लावून घेतला.

•

मॅडम माणसाला घाबरवतात, ते मला आवडतं. चीर ओठाच्या आतून घेणार, जंतुसंसर्ग होऊ शकतो, तुकडा सरकू शकतो, खालचा ओठ काही आठवडे बधिर राहील, क्वचित कायमचाही. जबडाच मागे असेल तर तुकड्यानं भागत नाही, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. विद्याताई सगळं करून आल्या. मॅडम म्हणाल्या, "आता घरच्यांशी बोला."

त्या आईलाच घेऊन आल्या. आईचीही हनुवटी अगदी तीच.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला विचारलं, "माझ्यासारखं तोंड हाय तुजं. त्यात काय खोट हाय?"

"तुज्यात न्हाई गं खोट, आई. मला माझं बदलायचं हाय."

"म्हंजे तेच की." म्हातारी पदर तोंडावर ओढून उठली ती खाली रिक्षात जाऊन बसली. तिथून पुढं तिनं लेकीशी बोलणंच टाकलं. विद्याताईंनी जाताना तारीख मात्र पक्की केली. मला त्यांचा राग आला आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

•

पहिल्याच भेटीत मॅडमनी विचारलं होतं, "तंबाखू?" विद्याताईंचं उत्तर, "छ्या! तसलं काय न्हाई आमच्यात."

ऑपरेशनच्या सकाळी गुळणी करायला मी तोंड उघडायला लावलं, तर दातांवर ताजी काळी भुकटी.

"ताई, हे काय?"

"मिश्री."

"तंबाखू नाही म्हणाला होता ना?"

"मिश्री व्हय तंबाखू? ती दात घासायची हाय."

भाजलेल्या तंबाखूची पूड ती! तंबाखूनं तोंडातली जखम भरायला वेळ लागतो, म्हणून मॅडमनी ऑपरेशन रद्द केलं. विद्याताई टेबलावरून उतरल्या, त्या तडक घरी गेल्या. मला वाटलं, संपलं.

नव्या तारखेला त्या आल्या आणि जिन्यातच थांबून मला दात दाखवले. लग्नाच्या आधीपासूनची मिश्री सोडली होती. "डोकं लई दुखलं," एवढंच म्हणाल्या.

•

ऑपरेशन छान झालं. नंतर थोडे दिवस फक्त पातळ खाणं, तेही बिनतिखट. संध्याकाळी मिस्टर किटली घेऊन हजर. झाकण काढलं तर वर लालभडक तर्री.

"पावणं, हे काय?"

"तांबडा रस्सा. पातळच हाय की."

"तोंडात टाके आहेत त्यांच्या!"

"मग पांढरा आणू?"

शेवटी ताईंनी गार दूध घेतलं आणि मिस्टरांनी रस्सा बाहेर बाकावर बसून संपवला. त्यांनीच गावात बायकोची दाढ काढल्याचं सांगून टाकलं होतं. सूज उतरल्यावर डेरीत बाया विचारायच्या, "दाढ व्हय? तब्येत सुदारली की गं."

"एवढं करून कुणाला कळलं न्हाई," विद्याताई मॅडमना म्हणाल्या.

"चांगलं झालंय म्हणूनच कळत नाही. वाईट वाटतं का?"

"न्हाई. मला कळतंय की."

•

शेवटच्या तपासणीला म्हातारी आली. लेकीबरोबर नाही, मागून, वेगळ्या रिक्षानं. मॅडमनी आत बोलावलं. लेकीचं तोंड ती बाजूनं बघत राहिली. विद्याताईंनी मान हलवली नाही, पण माझा हात घट्ट धरला. एवढी धीट बाई त्या दिवशी घाबरली होती.

म्हातारीनं तोंडावरचा पदर काढला. हनुवटीवर हिरव्या गोंदणाचे तीन ठिपके होते; मागच्या वेळी मी नुसता आकारच बघितला होता.

"मी परकरात हुतो. गोंदणारीन आलती. चौघींनी हातपाय धरलं. लई वरडलो, पर सोडलं न्हाई. बाईमाणसाला पायजेच, म्हनल्या."

"हे कधी सांगितलं न्हाईस, आई."

"कुणी इचारलं हुतं?" मग ती मॅडमकडं वळली. "हिला कुणी धरलं हुतं का?"

"कुणी नाही. आपल्या आपण टेबलावर चढल्या."

म्हातारीनं अंगठ्यानं लेकीची हनुवटी दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिली.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.